पाणी कुठवर चढेल?

(दृश्य: मांजराकाठचं शेत. वरची काळी माती गेलेली, खाली उघडा मुरूम.)

समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. तरी २६ सप्टेंबर २०२१ ला 'गुलाब' चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर आलं आणि दोनच दिवसांत त्याच्या उरल्यासुरल्या ढगांनी मराठवाडा झोडपून काढला. मांजरा धरणाचे दरवाजे उघडले. नदीकाठची पिकं गेली, कितीतरी शेतांची मातीच खरडून गेली. मग पंचनामे झाले. मोजलं काय, तर गेलेली जमीन.

जाण्याआधी मोजता येते का?

(दृश्य: वाळूच्या टेकड्या, मागे घरं.)

अमेरिकेत अटलांटिकच्या आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर तसा प्रयत्न होतो. समुद्र आणि वस्ती यांच्यामध्ये तिथे वाळूच्या टेकड्यांची रांग असते, शेताच्या बांधासारखी. हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, आलं की ती टिकेल का? तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेतले शास्त्रज्ञ अ‍ॅस्बरी सॅलेंजर यांनी २००० साली सांगितलं ते फार साधं आहे. नुसता वाऱ्याचा वेग बघून भागणार नाही. टेकडीचा पायथा किती उंच, माथा किती उंच आणि पाणी कुठवर चढणार, ते बघा.

पाणी पायथ्याच्या खालीच राहिलं तर पुळणीची वाळू समुद्रात ओढली जाते, पण पुढच्या काही महिन्यांत लाटाच ती बहुधा परत आणून टाकतात. पायथ्याला भिडलं की टेकडी कातरली जाते. ती भरून यायला वर्षं लागतात. लाटा माथा ओलांडून गेल्या तर वाळू मागच्या रस्त्यांवर. आणि सगळंच बुडालं तर? २००५ च्या कतरिना वादळात लुइझियानाजवळच्या शँडलूर बेटांची सुमारे ८५ टक्के जमीन गेली.

टेकड्यांची उंची विमानातून लेसर सोडून मोजतात. ते त्यातल्या त्यात सोपं. पाण्याचा हिशेब किचकट: भरती, वादळाने किनाऱ्याकडे रेटलेलं पाणी आणि त्यावर लाटेची चढण. वादळाची वाट जरा सरकली की आकडे बदलतात, म्हणून अंदाज टक्क्यांत सांगतात.

शिवाय शिळं मोजमाप चालत नाही. २००४ च्या सप्टेंबरात फ्रान्सेस आणि जीन ही दोन वादळं तीन आठवड्यांच्या अंतराने फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर जवळपास एकाच जागी धडकली. दुसऱ्या वादळाच्या वेळी जुनी उंची काय कामाची?

(दृश्य: नदीचा ढासळलेला काठ.)

हे सूत्र उचलून मांजराकाठी लावता येणार नाही. इथे भरतीच्या जागी धरणाचा विसर्ग, आणि वाळू उपशाने पात्र बदलत राहतं ते वेगळंच. त्यात काळी माती चिकट. वाळूसारखी कणाकणाने सुटत नाही, दरडीच्या दरडी कोसळतात. त्याही पुष्कळदा पाणी ओसरताना. भिजून जड झालेल्या काठाला बाहेरून पाण्याचा टेकू होता, तो तेव्हा निघून जातो. म्हणजे पूर उतरला म्हणून लगेच काठावर मोटर बघायला जाणंही धोक्याचंच.