साडेनऊचा प्रयोग

(दृश्य: बालगंधर्व रंगमंदिराची मागची बाजू. टेम्पोत सेट चढतोय.)

रात्रीचा दीड वाजलाय. प्रेक्षक केव्हाच घरी पोचले, बहुतेक झोपलेही. पडदा सव्वाबाराला पडला, तेव्हापासून ही माणसं आवराआवर करताहेत. सोफा गेला, दाराची चौकट गेली, आता केबल गुंडाळणं चाललंय. कोपर ते तळवा असे वेढे घालत पाठमोरा उभा आहे, तो माझा नवरा. नाटकाचे लाइट्स ऑपरेट करतो, म्हणजे डिमरवर दिव्यांचा उजेड कमी-जास्त करतो. मी साउंड एडिटर आहे, त्यामुळे आमच्या घरात एकाला अंधाराची सवय आणि दुसरीला शांततेची गरज.

या माणसांना मिळणाऱ्या पैशाला नाटकाच्या धंद्यात ‘नाइट’ म्हणतात. प्रयोग दुपारचा असला तरी नाइटच. ‘त्याची नाइट किती?’ असं विचारतात. पुण्यात नाटकाच्या वेळा ठरलेल्या: दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेनऊ. शेवटच्या वेळेनं आमचं सगळं गणित बिघडवलं. घर कुठे घ्यायचं, याचंसुद्धा.

(दृश्य: कोथरूड. तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी, वाळत घातलेले काळे टीशर्ट.)

कोथरूडमधली ही भाड्याची जागा. एक बेडरूम, हॉल, आणि किचनच्या ओट्याखाली माझ्या हार्ड डिस्कचा डबा. भाडं चोवीस हजार. अकरा महिन्यांचा करार संपत आला होता आणि घरमालकांनी अगदी सौजन्यानं सांगितलं, “दहा टक्के तर सगळेच वाढवतात.” म्हणजे सव्वीस हजार चारशे.

या पैशात काय मिळतं, ते आधी सांगायला हवं, नाहीतर आम्ही दोघं खुळे वाटू. यशवंतराव चव्हाण नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर. सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिर, जिथे ‘पुरुषोत्तम करंडक’ एकांकिका स्पर्धेच्या वेळी कॉलेजची पोरं ‘अरे आव्वाज कुणाचा’ करत छप्पर डोक्यावर घेतात. ती स्पर्धा 1963पासून चालू आहे. शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच, लहानसा, पहिल्या रांगेतल्या माणसानं पाय लांब केले तर नटाला लागतील असा. विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय फिल्म संग्रहालय, आणि जवळच प्रभात स्टुडिओच्या आवारात 1960 साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट. आणि हे बालगंधर्व, 1968चं. पायाभरणी खुद्द बालगंधर्वांच्या हातची.

प्रभातचंच उदाहरण घ्या. ही सिनेमाची कंपनी कोल्हापूरची, 1929ची. चार वर्षांत भरभराट झाली आणि 1933 साली सगळा संसार उचलून पुण्याला आली. कोल्हापूरला काय कमी होतं? पण आली. तेव्हापासून आपल्याकडच्या कलावंताच्या डोक्यात हा रस्ता एकाच दिशेनं काढून ठेवलाय, गावाकडून पुण्याकडे. आम्हाला तो उलटा चालायचा होता.

(दृश्य: दिवे घाट, दुपार. खाली मस्तानी तलाव.)

पहिलं सासवड. पुण्यापासून तीसेक किलोमीटर, पीएमपीची बस थेट जाते, अंजीर आणि सीताफळं दारात. संत सोपानदेवांची समाधी इथे, आणि आचार्य अत्रे जन्मले ते कोडीत गाव इथून जवळच. नाटकवाल्याला आणखी काय पाहिजे, असं मी म्हणालेही. एजंट काकांनी मात्र ना सोपानदेव काढले ना अत्रे. गाडीतून उतरता उतरता पहिलं वाक्य: “विमानतळ येतोय, माहितीय ना?” पुरंदरचा विमानतळ 2016पासून येतोच आहे. तोवर तिथल्या शेतकऱ्यांची झोप उडाली आणि एजंटांची पहाट झाली.

घर बरं होतं. पाणी एक दिवसाआड, तेही घरमालकीणबाईंनी न विचारता सांगितलं, हे मला आवडलं. पण परत येताना घाटात अंधार पडला. समोरून ट्रक, मागे ट्रक, आमची स्कूटर मधे. नवरा काही बोलला नाही. खाली वडकीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, “रात्री दोनला हे रोज?” सासवड तिथेच संपलं.

(दृश्य: वाई. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपतीच्या मागची ती माशाच्या आकाराची भिंत.)

वाईबद्दल मला तटस्थपणे बोलता येणार नाही, आधीच सांगते. पुण्यापासून नव्वदेक किलोमीटर, खंबाटकी ओलांडून सुरूर फाट्याला वळायचं. एका वाड्याच्या मागच्या भागात दोन खोल्या पाहिल्या. आजोबांनी भाडं सांगितलं सहा हजार, आणि सांगताना त्यांनाच जरा जास्त वाटलं असावं, कारण लगेच म्हणाले, “लाइटबिल त्यातच धरा.”

मी खोलीत हेडफोन लावून दोन मिनिटं नुसतं ध्वनिमुद्रण केलं. आमच्यात याला ‘रूम टोन’ म्हणतात, खोलीची स्वतःची शांतता. कोथरूडमध्ये ही शांतता मिळवायला मी पहाटे चारचा गजर लावायचे आणि तरी खालच्या पंपाचा घुमारा यायचाच. इथे काय ऐकू आलं? लांबवर कुणीतरी घाटावर धुणं आपटत होतं. प्रत्येक आपटण्याचा आवाज पलीकडच्या काठावरून परत येत होता. ती फाइल मी अजून ठेवलीय.

आणि वाईला मागास म्हणायची कुणाची हिंमत आहे? 1960 साली मराठी विश्वकोशाचं काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली सुरू झालं, त्याचं संपादन याच गावात. पहिला खंड 1976 साली निघाला. जगातल्या सगळ्या विषयांच्या नोंदी, अ पासून, कृष्णेच्या काठी बसून लिहिल्या-तपासल्या गेल्या. मुंबई-पुण्याचे विद्वान या गावाकडे लेख पाठवायचे. प्रभात गेली पुण्याला, विश्वकोश राहिला वाईत. माघ-फाल्गुनात इथे कृष्णाबाईचा उत्सव असतो. एका घाटाचा संपला की दुसऱ्याचा सुरू, असे सात घाट. कीर्तन आणि गाणं ऐकायला बायका घरून सतरंजी घेऊन येतात, आणि उठून घरी जायला पाच मिनिटं लागतात.

मी तिथेच घाटाच्या पायरीवर म्हटलं, “माझं काम इथून होईल. फाइल काय, कुठूनही जाते.”

“तुझी फाइल जाईल,” हा म्हणाला, “माझा डिमर कुठून जाणार?”

वाईनं आम्हाला आमच्या दोघांच्या धंद्यातला फरक दाखवला. विश्वकोशाचा लेख टपालानं येतो. साडेनऊच्या प्रयोगाला माणूस लागतो, सदेह, आणि तोही सात वाजता.

(दृश्य: जुने कृष्णधवल फोटो. संगीत महोत्सवाचा मंडप, घोंगड्या, शाली.)

एक गंमत सांगायची राहिली. बाहेरगावच्या माणसाला पुणं पूर्वी जास्त सोयीचं होतं, असं माझं मत झालंय. सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी 1953 साली सुरू केला. रमणबागेतल्या मैफली पुढे रात्र-रात्र चालायच्या. वाई-सातारचा श्रोता संध्याकाळच्या एसटीनं यायचा, भैरवी ऐकून स्वारगेटवर चहा प्यायचा आणि पहाटेच्या गाडीनं परत. मुक्कामाचा प्रश्नच नाही, मुक्काम गाण्यात. मग रात्री दहाच्या पुढे ध्वनिक्षेपक बंद, असा नियम आला. शेजाऱ्यांची झोप वाचली, तक्रार नाही. पण गाणं दहाला थांबलं की गावच्या श्रोत्याला अख्खी रात्र काढायला जागा शोधावी लागते. रात्रभरचं गाणं स्वस्त पडायचं, अर्ध्या रात्रीचं महाग.

(दृश्य: डायरीची पानं. पेन्सिलीच्या खुणा.)

घरी येऊन मी याची डायरी उघडली. गेल्या वर्षातले साडेनऊचे प्रयोग मोजले. चौसष्ट. तळेगाव दाभाड्यात एक जागा अकरा हजारांना मिळत होती. कोथरूडच्या नव्या भाड्यातून वजा केली तर महिन्याला पंधरा हजार चारशे, वर्षाला एक लाख चौऱ्याऐंशी हजार आठशे वाचत होते. चौसष्ट रात्री टॅक्सी केली, एका वेळचे बाराशे धरले, तरी लाखावर शिल्लक. मी वही त्याच्यापुढे सरकवली, अगदी जिंकल्यासारखी.

त्यानं बाराशेवर बोट ठेवलं. “ही माझी नाइट आहे.”

कागदावर पैसे वाचत होते, ते बरोबर. पण रात्री अडीचला टॅक्सीवाल्याच्या हातात आपली अख्खी नाइट ठेवून कोणता माणूस घरात शिरेल? मला हे कळायला वेळ लागला. मी महिन्याचा हिशोब करत होते, तो रात्रीचा.

आणि दुसरी गोष्ट वहीत मांडताच येत नव्हती. याला पहिलं मोठं काम मिळालं ते असं: दुपारी चारला एका ऑपरेटरला ताप भरला, साडेपाचचा प्रयोग, बालगंधर्वच्या आवारात चहा पीत कोण उभं होतं? हा. नाटकातली निम्मी कामं हुशारीवर मिळतात, उरलेली वीस मिनिटांत पोचणाऱ्याला. कोथरूडचं वरचं भाडं आम्ही त्या वीस मिनिटांचं भरत होतो.

(दृश्य: तळेगाव स्टेशन. लोणावळा लोकल.)

तरी आम्ही तळेगावला आलो. मी हट्ट धरला, हेही कारण आहेच. ते लपवत नाही.

गाव पुण्यापासून पस्तीसेक किलोमीटर, दाभाडे सरदारांचं. 1908 साली लोकांच्या एकेक पैशाच्या वर्गणीतून उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना इथला. गो. नी. दांडेकर इथेच राहिले आणि इथूनच गडकिल्ले चढायला निघायचे. आता चहूबाजूंनी एमआयडीसी आणि टॉवर. दुपारच्या प्रयोगाला लोकल उत्तम, खिडकी मिळाली तर झोपही होते. साडेपाचचा प्रयोग करूनही लोकलनं घरी. साडेनऊच्या प्रयोगानंतर मात्र ना लोकल ना मेट्रो. मेट्रोचं संभाजी उद्यान स्टेशन बालगंधर्वला अगदी लागून, पण दीड वाजता त्याचा उपयोग आडोशाला.

पहिले दोन महिने स्कूटर. देहूरोडला पावसानं झोडपलं की हा घरी येऊन अंगणातच बूट उलटे करायचा. एकदा चारच्या फोनवर “तासाभरात पोचतो” म्हणाला आणि पलीकडून “राहू दे” आलं. त्या संध्याकाळी आमच्या घरात फारसं कुणी बोललं नाही.

(दृश्य: रात्र. बालगंधर्वच्या फाटकाशी नाटकाची बस. टपावर बांधलेल्या ट्रंका.)

वाट निघाली ती एका बस ड्रायव्हरमुळे. व्यावसायिक नाटकं बहुतेक मुंबईची. प्रयोग संपला की नटमंडळी बसमध्ये बसतात आणि रातोरात परत. एका रात्री ड्रायव्हरकाकांनी याला हेल्मेट घालताना पाहिलं. “कुठं चाललास रे पावसात?” “तळेगाव.” “मग वेडा आहेस का? बस मागं.”

सासवडला राहिलो असतो तर ही बस आमच्या वाटेला कधीच आली नसती. वाईलाही नाही. तळेगाव मुंबईच्या वाटेवर आहे, एवढं एकच त्याचं मोठेपण, आणि घर बघताना ते आम्हा दोघांच्या डोक्यातही नव्हतं. आता प्रयोगाला जाताना हा किवळ्याला एका चहाच्या टपरीमागे स्कूटर लावून जातो. रात्री एक्स्प्रेसवे सुरू होतो त्याच्या आधी बस मिनिटभर थांबते. बसमध्ये दोघं-तिघं जागे असतात. आजच्या प्रयोगात हशा कुठे पडला, कुठे पडला नाही, दुसऱ्या अंकातला ब्लॅकआउट अर्धा सेकंद उशिरा आला, हे सगळं वाकडपर्यंत बोलून होतं. बालगंधर्वच्या आवारातला चहा सुटला, त्याचा थोडा हिस्सा असा परत मिळाला. या बसमधूनच मुंबईच्या दोन नाटकांची कामं आली.

(दृश्य: शाळेचा हॉल. लहान मुलं, कागदी झाडं.)

इथे कलापिनी नावाची संस्था आहे, मुलांची नाटकं वगैरे बरंच काही करते. आमच्या मुलीच्या शाळेत मात्र तसं काही नव्हतं. दुसरीतल्या मुलांचं नाटुकलं, बाईंनी मुलीला विचारलं, “तुझे बाबा नाटकात असतात ना?” याला वाटलं, अभिनय करायला सांगतात की काय. चार हॅलोजन, दिव्यापुढे लावायचा एक लाल जिलेटीन कागद, खडूनं आखलेला रंगमंच. वर्गातला पंखा लाइटच्या समोर येत होता, त्याची सावली झाडांवर फिरत होती. बाई म्हणाल्या, पंखा बंद करू का. हा म्हणाला, “नको, वारा आहे तो.”

नाइट मिळाली नाही. शिरा मिळाला.

(दृश्य: उत्तररात्र. रिकामा रस्ता. लांबून एक दिवा.)

मी हे निवेदन इथेच ध्वनिमुद्रित करतेय, तळेगावच्या घरात, रात्री अडीच वाजता. पंप नाही, हॉर्न नाही. लांबून मालगाडी जाते तेवढी, मग मी थांबते आणि वाक्य पुन्हा घेते. वाईसारखा रूम टोन काही इथे मिळत नाही.

आता कोपऱ्यावरची कुत्री भुंकली. म्हणजे स्कूटर वळली.

काल घरमालकीणबाईंचा फोन येऊन गेला. करार पुढच्या महिन्यात संपतोय. “ताई, दहा टक्के तर सगळेच वाढवतात,” त्या म्हणाल्या. आम्ही अजून काही कळवलेलं नाही.