सॉसेजखालचा पाव

तळहातावरची ही गाडी जरा जवळून बघा. खाली पाव, पावात आडवं पडलेलं तांबूस सॉसेज, आणि त्याला चार चाकं. खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या हॉट व्हील्सने 1993 साली काढलेली ही वीनरमोबिल. अमेरिकेतल्या ऑस्कर मायर या सॉसेजवाल्या कंपनीची जाहिरात.

आणि ही तिची थोरली बहीण, रस्त्यावर धावणारी खरी वीनरमोबिल. 27 फूट लांब, 11 फूट उंच. ताफ्यातल्या एकीच्या नंबरप्लेटवर चक्क ‘बिग बन’. आतल्या गालिच्यावर केचप आणि मस्टर्ड सांडल्यासारखी नक्षी. चालवणारी मुलंमुली नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली. वर्षभर हीच त्यांची नोकरी.

आता गंमत बघा. अशी खेळणी खऱ्या गाडीच्या साधारण चौसष्टाव्या भागाएवढी धरतात. 27 फुटांना 64ने भागलं तर पाच इंच येतात. हातातली गाडी आहे तीन इंचांच्या आसपास. म्हणजे मोठीची मापं घेऊन नुसती लहान केलेली नाही. ती आखूड केली, आणि तरी लांबून ओळखू आली पाहिजे. सॉसेजचा बाक आणि पावाची फुगीर कड, एवढं नेमकं राखलंय. हे कसबाचं काम आहे. जाहिरातीचं खेळणं म्हणून ते अडगळीत टाकू नये.

पण हा पाव आला कुठून?

1936 साली शिकागोत पहिली गाडी बनली. कल्पना कार्ल मायरची, म्हणजे कंपनीचा संस्थापक ऑस्कर मायर याच्या पुतण्याची. 13 फुटांचं धातूचं सॉसेज, पाव नाहीच. 1952ची ही गाडी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. डॉज गाडीच्या चॅसीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर बांधलेली, 22 फुटांची. वाकून बघा, हिच्याही खाली पाव म्हणावा असं काही नाही. 1958 साली मिलवॉकीचे डिझायनर ब्रुक्स स्टीव्हन्स यांनी विलिस जीपच्या चॅसीवर नवी गाडी आखली, आणि सॉसेज पावात बसवलं. तोच पाव आज आपल्या हातात आहे. माझं तर म्हणणं आहे, संग्रहालयातल्या या गाडीशेजारी काचेत हे तीन इंचांचं खेळणंही ठेवावं. पाव नसलेली आणि पाव असलेली, दोघी शेजारी शेजारी.

2015 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेजसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक ठरवलं. गाड्या फिरतच राहिल्या.

गाडी थांबली की पोरं गोळा होतात. प्रत्येकाच्या हातावर सॉसेजच्या आकाराची एक शिट्टी पडते.

ऐका.