शॅनन आणि चेसापीक: चार चित्रांतली लढाई

ही चार चित्रं १८३० मधली आहेत, म्हणजे शॅनन आणि चेसापीक या दोन युद्धनौकांच्या लढाईनंतर सतरा वर्षांनी छापलेली. कॅप्टन किंग नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने मांडणी केली, शेट्कीने रंगवलं आणि लुई हाघेने दगडावर उतरवलं, आपल्याकडे जुन्या पोथ्या छापायचे तोच शिळाछाप.

पहिलं चित्र. १ जून १८१३, बॉस्टनच्या बाहेरचा समुद्र, इंग्लंडची शॅनन आणि अमेरिकेची चेसापीक समोरासमोर. दोन्ही ३८ तोफांच्या फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौका, तशा तोडीस तोड. पण शॅननचा कॅप्टन ब्रोक सात वर्षं त्याच जहाजावर होता, तोफांना नेम धरायची साधनं त्याने स्वतः बसवून घेतली होती, समुद्रात पिंप सोडून त्यावर नेमबाजी करून घ्यायचा. चेसापीकच्या लॉरेन्सला मात्र जहाज हातात येऊन जेमतेम काही दिवस झालेले.

दुसऱ्या चित्रात चेसापीकची दैना झालीय. सुकाणूवरची माणसं पडली, शिडांचे दोर तुटले, आणि जहाज वाऱ्याकडे वळून मागे मागे सरकत थेट शॅननला येऊन भिडलं.

तिसऱ्यात ब्रोक स्वतः पुढे होऊन चेसापीकवर चढतोय. सगळा मामला साधारण पंधरा मिनिटांत संपला, आणि तेवढ्यात ब्रोकच्या डोक्यात तलवारीचा खोल घाव बसला.

आता चौथं, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. ६ जून, रविवार, शॅनन काबीज केलेलं जहाज घेऊन हॅलिफॅक्स बंदरात, म्हणजे आजच्या कॅनडातल्या तेव्हाच्या ब्रिटिश बंदरात, शिरतेय. चेसापीकवरचे झेंडे नीट बघा, वर इंग्रजांचा, खाली अमेरिकेचा. गावातले लोक प्रार्थना सोडून धक्क्यावर धावले होते. पण चित्रात जे दिसत नाही ते असं, की चेसापीकच्या डेकवर लॉरेन्सचं प्रेत होतं, अमेरिकेच्याच झेंड्यात गुंडाळलेलं, जखमी ब्रोक शॅननच्या केबिनमध्ये पडून होता आणि शॅनन चालवत होता हॅलिफॅक्सचाच पोरगा, २२ वर्षांचा लेफ्टनंट वॉलिस. विजयाचं चित्र काढताना हे बाहेर राहिलं, आणि म्हणूनच ते सांगायला हवं. लॉरेन्सला हॅलिफॅक्समध्ये ब्रिटिशांनीच लष्करी इतमामात पुरलं, नंतर अमेरिकन लोक त्याला घरी घेऊन गेले.

जहाज मात्र परत गेलं नाही. इंग्लंडमध्ये ते मोडलं आणि १८२० मध्ये हॅम्पशायरच्या विकहॅम गावात त्याच्या लाकडाच्या तुळया वापरून पिठाची गिरणी बांधली, ती इमारत आजही उभी आहे.