साध्या वेशातला पोलीस ओळखायचा कसा?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘पोलीस कर्मचाऱ्यांची कार्यालयीन वेशभूषा’. ऐकायला रुक्ष वाटेल, पण हा विषय कित्येक वर्षं मनात घोळतोय. तुम्ही संध्याकाळच्या मालिका सोडून आलात, तेव्हा आज सगळं बोलून टाकतो.

माझी बरीचशी नोकरी डीबीत गेली. पोलीस ठाण्याचं गुन्हे शोध पथक. तिथं खाकी नसते, आपलेच कपडे. आणि नवा शिपाई डीबीत आला की पहिल्या दिवशी हमखास कसा यायचा? कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कानावर मशीन मारलेलं, आणि पायात खात्याचे बूट! त्याला आठवडी बाजारात पाकीटमारांवर नजर ठेवायला उभा करावा, तर हा कांद्याच्या ढिगाशेजारी पाय फाकवून, हात मागे बांधून, परेडवर ‘विश्राम’ ऐकल्यासारखा. पाच मिनिटांत भजीवाला प्लेट घेऊन हजर, “साहेब, गरम आहेत.” संपलं! टोळीतली पोरं आल्या पावली परत.

आमच्याकडे एक जुने हवालदार होते. ते नव्या पोराला आधी बूट बदलायला लावायचे. म्हणायचे, “चोर तोंड बघत नाही, पाय बघतो.” स्वतः मळका सदरा घालून, खांद्यावर टॉवेल टाकून बाजारात फिरत. मेथीची जुडी हातात घेऊन इतका वेळ घासाघीस करत, की भाजीवाली वैतागून जाई. अशीच डाव्या हातात जुडी धरून उजव्या हातानं त्यांनी एका पोराचं मनगट धरलेलं मी शेजारी उभा राहून पाहिलंय. पोराच्या दोन बोटांत दुसऱ्याचं पाकीट तसंच अडकलेलं होतं. भाजीवालीला तोवर कळलंही नव्हतं, की आपलं गिऱ्हाईक पोलीस आहे.

तो आरोपी घेऊन ते त्याच सदऱ्यात ठाण्यात आले, आणि एका वरिष्ठांनी सगळ्यांदेखत झापलं, “हे काय ध्यान करून आलात?” हवालदार काका काही बोलले नाहीत. मला मात्र ते आजही सलतं. ज्या कपड्यांनी चोर सापडला, त्याच कपड्यांबद्दल बोलणी खायची?

नियम नकोत असं माझं म्हणणं नाही. राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये कर्मचाऱ्यांसाठी परिपत्रक काढलं. जीन्स, टी-शर्ट नको, गडद रंग आणि विचित्र नक्षी नको, शुक्रवारी खादी. पुढं जीन्सला मोकळीक मिळाली, टी-शर्टला नाही. जून २०२१ मध्ये सीबीआयमध्येही तेच. तेव्हाचे संचालक सुबोधकुमार जयस्वाल, आपल्या राज्याचे माजी पोलीस महासंचालक. त्यांनी जीन्स, टी-शर्ट, स्पोर्ट्स शूज बंद केले, दाढी करून या म्हणाले. कार्यालयात हे योग्यच आहे. मुलगी हरवली म्हणून रडत आलेल्या आईसमोर चुरगळलेला टी-शर्ट घालून बसू नये, हे मलाही पटतं.

पण कपड्यांवर विश्वास ठेवायची सवय लागली की काय होतं, ते ज्येष्ठांनी नीट ऐका. सकाळी फिरायला निघालेल्या आजींना दोघं गाठतात. नीटनेटका शर्ट, बारीक केस. “मावशी, आम्ही पोलीस. पुढं चोऱ्या होतायत, दागिने काढून रुमालात बांधा.” बांधायला मदतही करतात. घरी येऊन गाठ सोडली की आत खडे! फोनवरून खोट्या अटकेची भीती घालून पैसे उकळणारे ‘डिजिटल अरेस्ट’वाले तर व्हिडिओ कॉलवर चक्क वर्दी घालून बसतात. म्हणजे साधा वेशही खोटा निघतो, वर्दीही खोटी निघते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. जे सांगायला आलो ते आता भरभर सांगतो.

साध्या वेशातल्या पोलिसासाठी दोन वेगळे नियम हवेत, कामगिरीवर कामाप्रमाणे आणि कार्यालयात, कोर्टात व्यवस्थित. ठाण्यात एक कपाट आणि कपडे बदलायला जागा द्या, काकांसारख्यांची बोलणी वाचतील.

दुसरं, ओळखपत्र. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं, की अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्येही नावाची स्पष्ट ओळख बंधनकारक आहे. पाळत ठेवताना कार्ड खिशात राहू दे, पण हात धरला त्या क्षणी ते बाहेर आलंच पाहिजे. डोळ्यांसमोरून भर्रकन फिरवायचं नाही, समोरच्याला वाचू द्यायचं.

तिसरं, आमचा लिपिकवर्ग. ते पोलीस नव्हेत, पण चारित्र्य पडताळणीला आलेला माणूस त्यांनाही ‘साहेब, सोडा ना’ म्हणत हात जोडतो. त्यांच्या छातीवर मोठ्या मराठी अक्षरांत नाव आणि ‘लिपिक’ असं पदनाम हवं. अभिलेख कक्षात धुळीचे गठ्ठे उपसणाऱ्यांना वरून घालायला कोट द्या, आणि मग खुशाल शर्टाच्या इस्त्रीबद्दल विचारा. महिला कर्मचाऱ्यांचा दुपट्टा त्या परिपत्रकातही ‘आवश्यक असल्यास’ आहे, तो कुणी सक्तीचा करू नये.

आणि तुम्ही मंडळी, साध्या कपड्यातला कुणी ‘पोलीस’ म्हणाला तर कार्ड मागा, ठाणं विचारा, शंका आली तर ११२ लावा. खरा पोलीस रागावणार नाही. रागावला तर तेही ११२ वर सांगा.