मान लांब आहे, एवढ्यावरून काही ठरत नाही

मंडळी, सॉरोपॉड म्हणजे लांब मानेचे डायनोसॉर, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे पहिला प्रश्नही ठरलेला असतो: सर्वांत लांब मान कुणाची? वर्गीकरण करणाऱ्याला या उत्तराचा फारसा उपयोग नाही. मान अनेक घराण्यांत स्वतंत्रपणे लांबली आहे. कामाचा प्रश्न आहे, ती लांबली कशी?

कॅमॅरासॉरसच्या मानेत 12 मणके आणि पाठीत 12. डिप्लोडोकसच्या मानेत 15, पाठीत 10. म्हणजे बेरजेत फरक एकाचाच; मानेत मणके वाढले तसे पाठीत कमी झाले. मामेन्चीसॉरसच्या मानेत 18-19 मणके भरतात. ब्रॅकिओसॉरसच्या गटातल्या जिराफाटायटनकडे मात्र 13च, तरीही त्याची मान साडेआठ मीटरच्या आसपास, डिप्लोडोकसपेक्षा लांब. तिथे मणक्यांची संख्या नव्हे, एकेक मणका ताणला गेला आहे.

हा ताण मोजायची साधी रीत आहे: मणक्याच्या मुख्य भागाची लांबी भागिले त्याच्या मागच्या टोकाची उंची. पण जमिनीखाली हाड चेपलं जातं, आणि गफलत होते ती इथेच. समजा, मणका 80 सेंटीमीटर लांब आणि 20 उंच आहे, गुणोत्तर 4. तोच वरून दाबला जाऊन उंची 16 झाली, तर गुणोत्तर 5 येतं आणि एका साध्या प्राण्याची मान कागदावर उगाच सडपातळ होते. म्हणून शहाणा माणूस उंची आणि रुंदी यांची सरासरी घेतो. चेपताना रुंदी 20 वरून 24 झाली असेल, तर सरासरी पुन्हा 20 आणि गुणोत्तर 4. शिवाय तुलना त्याच जागेच्या मणक्यांची हवी. मानेच्या मधले मणके सर्वांत ताणलेले असतात. एकाचा सहावा आणि दुसऱ्याचा बारावा शेजारी ठेवून काहीच सिद्ध होत नाही.

सुटा मणका हाती आला की आधी पुढची बाजू ठरवा. सॉरोपॉडांच्या मानेत मणक्याची पुढची बाजू फुगीर गोळ्यासारखी आणि मागची खोलगट असते. टायटनोसॉर या सॉरोपॉडांच्याच एका गटात शेपटीच्या सुरुवातीच्या मणक्यांत नेमकं उलट: खोलगट बाजू पुढे, गोळा मागे. मग मणक्याच्या वर उभा असलेला हाडाचा काटा पाहा. डिप्लोडोकसच्या मानेत तो दुभंगलेला असतो, ब्रॅकिओसॉरसच्या गटात अखंड. पण दुभंगलेल्या काट्याच्या प्राण्यातही मानेचे अगदी पुढचे मणके अखंडच असतात आणि वयाबरोबर ती खाच किती खोल होते यावर अभ्यासकांत वाद आहे. त्यामुळे एका लहान मणक्यावरून नवी प्रजाती (म्हणजे जीनस, जवळच्या जातींचा गट) जाहीर करणं म्हणजे घाई. मानेच्या बरगड्याही बोलक्या असतात: डिप्लोडोकसच्या आखूड, जेमतेम आपल्याच मणक्याच्या लांबीच्या, जिराफाटायटनच्या मागच्या मणक्यांच्याही खालून लांबवर गेलेल्या.

पायांचं थोडक्यात सांगतो. ब्रॅकिओसॉरसमध्ये दंडाचं हाड आणि मांडीचं हाड जवळजवळ सारखं, दोन्ही दोन मीटरच्या थोडं वर. डिप्लोडोकसमध्ये दंड मांडीच्या सुमारे दोन तृतीयांश.

दातांबाबत मात्र सावध राहा. कॅमॅरासॉरसचे दात रुंद, चमच्यासारखे. डिप्लोडोकसचे पेन्सिलीसारखे बारीक. पुढच्या काळातल्या अनेक टायटनोसॉरांचे दातही बारीकच होते, आणि नुसत्या दातांवर गेलात तर हे दोघे सख्खे भाऊ ठरतील. प्रत्यक्षात टायटनोसॉर कॅमॅरासॉरसला जास्त जवळचे आहेत. बारीक दात दोन्हीकडे वेगवेगळे आले.

नावांचे काही घोळ झाले त्यांची मुळंही अशा सुट्या हाडांवर विसंबण्यातच आहेत. 1985 साली ‘अल्ट्रासॉरस’ म्हणून जाहीर झालेल्या आणि पुढे ‘अल्ट्रासॉरोस’ म्हटल्या गेलेल्या प्राण्याचं नाव ज्या पाठीच्या मणक्यावर बेतलं होतं तो सुपरसॉरस या दुसऱ्याच सॉरोपॉडचा निघाला आणि त्याच खाणीतलं खांद्याचं हाड ब्रॅकिओसॉरसच्या गटातलं. एका खड्ड्यात अनेक प्राण्यांची हाडं मिसळलेली असतात. शेजारी सापडली म्हणून ती एकाच प्राण्याची होत नाहीत. ब्रॉन्टोसॉरसची गोष्ट निराळी. 1903 मध्ये ते नाव अपॅटोसॉरसमध्ये विलीन झालं. 2015 मध्ये एका अभ्यासाने 81 नमुन्यांवर 477 लक्षणं तपासून ते पुन्हा वेगळं केलं. किती फरक असला की प्रजाती वेगळी धरायची, हा उंबरठा शेवटी माणूसच ठरवतो, म्हणून सगळ्यांनी ते मान्य केलेलं नाही. मला ती पद्धत पटते, कारण निदान उंबरठा उघडपणे मांडलेला आहे.

आणि टायटनोसॉरस. इंग्रज जीवाश्म-अभ्यासक लायडेकर यांनी 1877 मध्ये जबलपूरजवळच्या शेपटीच्या मणक्यांवरून हे नाव दिलं. तेव्हा पुढे खोलगट, मागे गोळा असा मणका नवलाचा होता. पुढे जगभर तसलेच मणके सापडत गेले आणि त्या लक्षणाने एक प्रजाती ओळखणं अशक्य झालं. 2003 मध्ये विल्सन आणि अपचर्च या अभ्यासकांनी टायटनोसॉरस ही प्रजाती बाद ठरवली, आणि तोवर ‘टायटनोसॉरस कोल्बर्टी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, बराच सांगाडा हाती असलेल्या जातीला इसिसॉरस हे नाव दिलं. टायटनोसॉर हे गटाचं नाव मात्र चालू आहे.