गावकी देवळात, ग्रामसभा शाळेत : पाण्याचा निर्णय कुठे होतो?

नमस्कार. कोकणातल्या गावात महत्त्वाचा निर्णय कुठे होतो असे विचारले, तर बहुतेक माणसे देवळाकडे बोट दाखवतील. देवळापुढच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या ओट्यावर, पालखी बसते, मानकरी जमतात, मुंबईहून आलेले चाकरमानी कडेला उभे राहतात आणि शिमग्याचा खर्च, पाखाडीचा वाद, देवळाचा जीर्णोद्धार असे सारे त्या बैठकीत ठरते. ही झाली गावकी. गावची दुसरी बैठक म्हणजे ग्रामसभा. तिच्या मागे कायदा उभा आहे, पण तिथे माणसे येत नाहीत. या दोन बैठकांविषयी मला आज बोलायचे आहे, कारण गावच्या पाण्याचा, सड्याचा म्हणजे वरच्या कातळी पठाराचा आणि देवराईचा प्रश्न या दोहोंच्या मध्ये अडकून पडलेला मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे गावच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, प्रत्येकीच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते आणि गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे हजर असावे लागतात. १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती लागू झाल्यापासून ग्रामसभेला राज्यघटनेतही स्थान आहे. एवढे अधिकार असलेली एक सभा मी आमच्या गावी शाळेच्या वर्गात पाहिली. हजेरीच्या वहीत बारा सह्या होत्या. अर्धा तास वाट पाहून सभा तहकूब झाली. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी नऊ माणसांच्या समोर वर्षाचा विकास आराखडा मंजूर झाला. त्यात दोन विहिरींचा गाळ काढण्याचे काम होते. परंतु एप्रिल उजाडताच जिचे पाणी तळाला जाते ती वरच्या वाडीतली विहीर त्यात नव्हती, कारण वरच्या वाडीतले कोणी आलेच नव्हते.

यात केवळ माणसांच्या अनास्थेला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. वाडीतल्या दर दोन-तीन घरांमागे एक घर कुलूपबंद आहे; कर्ती माणसे डोंबिवली-विरारला राहतात, त्यांचे मतदानही तिकडेच असते आणि म्हणून ती ग्रामसभेची सदस्य नसतात. गावाच्या कामाला पैसा मात्र त्यांच्याच मुंबई मंडळातून येतो, आणि ते गावात येतात ते गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात. साहजिकच गाव खऱ्या अर्थाने एकत्र बसते ते गावकीत.

गावकीने निसर्गाचे राखलेही पुष्कळ आहे. कोकणातल्या देवराया टिकल्या, त्या देवाचा कौल घेतल्याशिवाय फांदीही तोडायची नाही या न लिहिलेल्या नियमामुळे, आणि अनेक ठिकाणी त्याच राईच्या पोटातून बारमाही झरा वाहतो. परंतु त्या बैठकीत बायकांना बोलायची मुभा फारशी नव्हती, आणि गावातल्या सर्व समाजांना तिथे सारखा मान मिळत होता असेही कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ज्या बायका डोक्यावर हंडा घेऊन पऱ्यापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत जातात, त्यांनाच पाण्याच्या चर्चेतून वगळायचे, हे मला मान्य होण्यासारखे नाही. म्हणून माझे म्हणणे असे, की चर्चा गावकीतही होऊ द्यावी, पण ठराव ग्रामसभेतच लिहिला जावा आणि त्याआधी महिला सभा खरोखर भरावी, तिची वही घरोघरी सह्यांसाठी फिरू नये.

आता पाण्याकडे येऊ. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तरीही उन्हाळ्यात टँकर येतो, याचे कारण बरेचसे जांभ्यात, म्हणजे इथल्या तांबड्या दगडात आहे. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे सड्यावर मुरलेले पाणी फार काळ थांबत नाही; ते खालच्या चिकणमातीच्या थरावरून सरकत उताराला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते आणि समुद्राकडे निघून जाते. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे लागवडीस निरुपयोगी जमीन, म्हणून नोंदला जाणारा हा कातळ म्हणजे खालच्या वाडीच्या विहिरीचे छप्परच आहे. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे येथील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत गेली, तेव्हा सड्याकडे पाहण्याची अनेकांची नजर बदलली; पाण्याच्या बाबतीत ती अजून तितकी बदललेली नाही.

इथे शाळेचा संबंध येतो. जैविक विविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही करावी, अशी तरतूद आहे. मुणगा, वालय, पटणी हे भात कोणाच्या कणगीत अजून आहे, फोडशी आणि भारंगी कुठल्या उतारावर उगवते, खाडीतली कालवे कुठे कमी झाली, हे मुलांनी आजीला विचारून लिहिण्यासारखा परिसर अभ्यास दुसरा नाही. मंडणगड तालुक्यातले वेळास, नाना फडणवीसांचे मूळ गाव, आज कासवांचे गाव म्हणून ओळखले जाते, कारण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेबरोबर गावकऱ्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. गावाची ओळख अशी नव्याने घडू शकते.

आमच्या शाळेतल्या मुलांनी गेल्या वर्षी काम घेतले ते विहिरींचे. सुंभाच्या दोरीला दर हातावर गाठ मारायची, टोकाला दगड बांधायचा, दोरी तळाला टेकवायची आणि वर काढून जेवढ्या गाठी ओल्या झाल्या तेवढ्या मोजायच्या. दसऱ्यापासून दर शनिवारी त्यांनी सहा विहिरी मोजल्या. वरच्या वाडीची विहीर दसऱ्याला अकरा हात होती, होळीला चार हात आणि हनुमान जयंतीला दीड. मे महिन्यातल्या ग्रामसभेत सातवीतल्या एका मुलीने हे आकडे उभे राहून वाचले. त्या दिवशी वर्गात जागा पुरली नाही, कारण मुलांचे आईवडील आले होते आणि सुट्टीवर आलेले चाकरमानी मतदार नसूनही ऐकायला व्हरांड्यात उभे होते.

तुमच्या गावी हे करायचे असेल, तर सभेची नोटीस सात दिवस आधी निघते हे लक्षात ठेवा आणि त्यापूर्वीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) विषयाचा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. आमच्याकडे ठराव झाला तो वरच्या वाडीची विहीर आराखड्यात घेण्याचा आणि पऱ्यावर तीन वनराई बंधारे घालण्याचा. सिमेंटच्या रिकाम्या गोणी मुंबई मंडळाने पाठवायच्या, माती भरायला प्रत्येक घरातून एक माणूस यायचे, आणि दिवस गावकीने देवळात बसून ठरवला आहे : पऱ्या वाहता असतानाच, दिवाळीनंतरचा पहिला रविवार.