जाळ्याचा आस आणि माशाची पिढी

गेल्या आठवड्यात पहाटे ससून डॉकवर एका मावशींच्या पाटीसमोर उभी होते. त्यांनी पापलेट चिरलं. मासा माझ्या तळव्याएवढा, आणि पोटात गाभोळी! मावशी म्हणाल्या, "माझ्या आईच्या वेळेला एवढ्याशा माशात गाभोळी कुठली?" आज वेसाव्यात तुम्हा कोळी मंडळींसमोर बोलायला उभी आहे ती या वाक्यापायी.

एका माशावरून काही सिद्ध होत नाही. मासे विरळ झाले की उरलेल्यांना खायला जास्त मिळतं, ते भराभर वाढतात, लवकर गाभोळीला येतात. पण दुसरंही एक कारण असू शकतं, आणि ते रक्तात उतरणारं आहे.

जाळं नुसतं मासे पकडत नाही, ते निवडतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, आसातून (जाळ्याच्या भोकातून) लहान निसटतो, मोठा अडकतो. समजा, एक मासा सावकाश मोठा होऊन तिसऱ्या वर्षी अंडी घालणारा आहे आणि दुसरा अंगाने आखूड, पण पहिल्याच वर्षी अंडी घालणारा. पहिला अंडी घालण्याआधीच बर्फात जातो. दुसऱ्याची पिल्लं समुद्रात राहतात. वर्षानुवर्षं हेच चाललं तर बी कुणाचं उरेल? शेतकरी टपोरं कणीस बियाण्याला राखून ठेवतो. आपण समुद्रात नेमकं उलटं करतो.

हे टाक्यांमध्ये करून पाहिलेलं आहे. अमेरिकेत कोनोव्हर आणि मंच या दोघांनी सिल्व्हरसाइड नावाचा, वर्षभर जगणारा छोटा मासा घेतला. दर पिढीत शंभरातले नव्वद मासे काढायचे: काही टाक्यांतून मोठे, काहींतून लहान, काहींतून हाताला येतील ते. चारच पिढ्या! 2002 मध्ये निकाल छापून आला. जिथून लहान काढले तिथले मासे, मोठे काढलेल्या टाक्यांतल्या माशांच्या जवळजवळ दुप्पट वजनाचे निघाले. पुढे त्यांची जनुकं वाचली, तेव्हा शेकडो जनुकांचं प्रमाण बदललेलं दिसलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते याच्या पुढचं. निवड थांबवल्यावर पाच पिढ्यांत मासे पुन्हा वाढू लागले, पण मूळ मापाला पोचले नाहीत. बिघडायला जेवढ्या पिढ्या लागल्या, तेवढ्यांत ते सुधारलं नाही.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या मासेमारीवर 1992 मध्ये बंदी आली. नंतर जुन्या नोंदी तपासल्या तर साठा कोसळण्याच्या आधीपासूनच मासे कमी वयात, लहान मापात अंडी धरू लागलेले होते. वाढीचा वेग हिशेबात धरूनही ते दिसत होतं.

आपल्याकडे 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान माप ठरलं, पापलेटला 135 मिलिमीटर. चांगलंच झालं, पिल्लाला एकदा तरी अंडी घालू द्या. पण मोठ्या मादीची राखण कोण करणार? लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, अंडीही त्याच हिशेबाने वाढतात. नुसतं किमान माप ठेवलं तर सगळा मार तिच्यावरच पडतो.

मघाशी मागून एका ताईंनी विचारलं, "मोठ्या पापलेटालाच किलोला भाव जास्त. तेच सोडलं तर घर कशावर चालवायचं?" ताई, एकट्या तुमच्या बोटीने सोडावं असं मी म्हणणारच नाही. तुम्ही सोडलेलं शेजारची बोट धरेल. नियम सगळ्यांना एकच हवा. अमेरिकेत मेन राज्यात शेवंडीला किमान मापाबरोबर कमाल मापही आहे. अंडी असलेली मादी सापडली की तिच्या शेपटीला खाच पाडून सोडतात, आणि ती खाच दिसली की पुढचा कोळीही तिला घेत नाही.

पापलेट जाळ्यातून जिवंत परत सोडणं कठीण, हे मला कळतं. म्हणून माप जाळ्यातच बसवावं लागेल. दालदीच्या, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडायच्या जाळ्याच्या, आसात मधल्या मापाचा मासा कल्ल्यांशी अडकतो, पिल्लू पार होतं, आणि फार मोठ्याचं डोकंच आत शिरत नाही. म्हणजे दोन्ही टोकं वाचू शकतात. किती आसाला काय लागतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणूनच आज जाळी घेऊन या म्हटलं होतं. ती पहिली इकडे द्या, मोजून बघू.